इंग्रजी वाङ्मयाचे वाचन आणि शिक्षकाची शब्दसंपत्ती

(तालुका शिक्षक संमेलनातील भाषण)



मला नेमून दिलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्यांचा इंग्रजी वाङ्मयाशी संबंध काय? संबंध आहे. दिवसा शाळा सांभाळून रात्री इंग्रजी विषय घेऊन बी. ए. किंवा एम. ए. चा अभ्यास करणारे निदान पंधरा-वीस जण या सभागृहात मला समोर दिसत आहेत. नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी न सोडता पदवी घेण्याची वाट आपल्यासारख्यांना अधिक मोकळी झाली. पुढे २००० सालच्या जूनपासून राज्यात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा आपल्यातील पुष्कळांनी कपाटाच्या तळाशी गेलेली इंग्रजी पुस्तके पुन्हा वर काढली. मीही त्यांतलाच एक. म्हणून आज मी अधिकारी या नात्याने बोलत नसून, या वाटेने पडत-धडपडत गेलेला एक शिक्षक म्हणून बोलत आहे, असे समजावे.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे तीन जाड वह्या घेऊन आले. प्रत्येक पानावर दोन रकाने. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी अर्थ. अक्षर मोत्यासारखे, आणि शब्द दोन हजारांच्या आसपास. मी कोठूनही विचारावे आणि त्यांनी अर्थ सांगावा, अशी तयारी. परंतु परीक्षेस नेमलेल्या कादंबरीचे पहिले प्रकरण काही त्यांच्याने ओलांडवेना. ते म्हणाले, "साहेब, शब्द येतात, पण पुस्तक येत नाही." त्या वर्षी त्यांनी परीक्षेचा अर्ज भरला नाही. पुढेही भरला नाही. मेहनतीत उणे नसलेला माणूस हात टेकून बसला, ही गोष्ट मला आजही बोचते. कारण चूक त्यांची नव्हती, रीतीची होती. आणि त्या दिवशी तरी मला दुसरी रीत सांगता आली नाही.

ती आज सांगण्याचा प्रयत्न करतो. आरंभ मराठीपासूनच करू.

तोंड, चेहरा आणि मुख या तीन शब्दांचा अर्थ शब्दकोशात पाहिला, तर तो जवळजवळ एकच दिसेल. परंतु आपण सकाळी तोंड धुतो, वाईट बातमी ऐकून आपला चेहरा उतरतो, आणि पंढरपुरास गेलो म्हणजे मुखदर्शन घेतो. विठ्ठलाचे 'तोंडदर्शन' घेतले, असे चौथीतले मूलसुद्धा म्हणणार नाही. हे त्यास कोणी शिकविले? कोणत्याही वहीने नाही. त्याने ते शब्द ज्या ज्या सोबतीत ऐकले, ती सोबतच त्याच्या कानात राहिली आहे. तोंड हा शब्द घरातला, चेहरा फारसीतून आलेला, मुख संस्कृतातले. तिघांनी आपापली जागा वाटून घेतली आहे, आणि आपण त्या जागा न चुकता पाळतो.

इंग्रजीचा प्रकार याहून निराळा नाही. १०६६ साली फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दोन-तीन शतके दरबाराची आणि न्यायाची भाषा फ्रेंच, धर्माची व विद्येची लॅटिन, आणि शेतकऱ्याची जुनी इंग्रजी, अशी स्थिती होती. या तिन्ही भाषांचे थर आजच्या इंग्रजीत आहेत. 'आस्क' हा शब्द घरगुती, 'क्वेश्चन' फ्रेंच वाटेने आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिन घराण्यातला. आई मुलाला 'आस्क' करते, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो, आणि पोलीस आरोपीला 'इंटरॉगेट' करतात. विचारणे हा एकच अर्थ तिन्हींपुढे लिहून ठेवला, तर कादंबरीतील बाप आपल्या मुलीस 'इंटरॉगेट' करतो तेव्हा त्या घरातली हवा कशी बदलली, हे वाचकास कळणारच नाही. गोठ्यातील बैल 'ऑक्स', पण ताटात आला की 'बीफ'; कुरणातील मेंढी 'शीप', पण ताटात 'मटन'. राखणारे हात इंग्रज होते आणि खाणारी तोंडे नॉर्मन होती, म्हणून ही वाटणी झाली, असे सांगतात. सर वॉल्टर स्कॉट याने १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात डुकरे राखणारा व विदूषक यांच्या संभाषणात हाच विनोद घातला आहे. ज्या भाषेत तारीख, अर्ज, वकील, जमीन हे शब्द दरबारातून आले आणि माती, गाय, भाकर हे घरचे राहिले, ती भाषा बोलणाऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, शब्द एकटा शिकू नये. त्याची सोयरीक, त्याचा शेजार आणि त्याचे वय यांसह शिकावा.

सोयरीक म्हणजे धातू. आपण परीक्षा घेतो, निरीक्षण करतो, पालकांकडून अपेक्षा ठेवतो, आणि वरिष्ठांनी उपेक्षा केली म्हणून तक्रार करतो. या सर्व शब्दांत पाहणे या अर्थाचा ईक्ष् हा एकच धातू आहे, हे आपण व्याकरणात शिकलो. इंग्रजीत त्याच जागी 'स्पेक्ट' आहे. आत पाहणे ते 'इन्स्पेक्ट', मागे वळून पाहणे ते 'रिट्रॉस्पेक्ट', खालून चोरून पाहणे ते 'सस्पेक्ट', आणि चहूकडे पाहून पाऊल टाकणारा तो 'सर्कमस्पेक्ट', म्हणजे सावध. वरून खाली पाहणे ते 'डिस्पाइज', तुच्छ लेखणे. येथे धातूचे रूप थोडे बदलले आहे, पण घराणे तेच. एका धातूने पाच-सहा शब्द एकदम हाती येतात. मात्र येथे सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. 'उप' म्हणजे जवळ, म्हणून उपेक्षा म्हणजे जवळून पाहणे, असा अर्थ कोणी केला तर आपण हसू. इंग्रजीतही धातू वाट दाखवितो, मुक्कामाला पोहोचवीत नाही. तेथे वाक्यच पाहावे लागते.

आता वयाविषयी. येथे मला स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका अधिकाऱ्यांच्या निरोपसमारंभासाठी मानपत्राचा इंग्रजी मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी एका जुन्या कोशात शोधून 'ऑफिशियस' हा शब्द काढला. कोशात अर्थ होता, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यास तत्पर. मला तो फारच शोभून दिसला. मानपत्र वाचून झाले, टाळ्या झाल्या. अधिकारी सज्जन होते. ते काही बोलले नाहीत. रात्री एका वृद्ध मुख्याध्यापकांनी मला बाजूस घेऊन सांगितले की, आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ नसत्या उठाठेवी करणारा, असा होतो. त्यानंतर कित्येक महिने मी इंग्रजीत एक ओळ लिहिली नाही.

पुष्कळ वर्षांनी पदवीचा अभ्यास करताना डॉ. सॅम्युएल जॉन्सन याची, त्याच्या घरी राहणाऱ्या आणि गोरगरिबांना औषधपाणी देणाऱ्या रॉबर्ट लेव्हेट यावरील कविता वाचनात आली. लेव्हेट १७८२ साली वारला. त्या कवितेत जॉन्सनने नेमका तोच शब्द स्तुती म्हणून वापरलेला आहे! जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशातही त्याचा चांगला अर्थ नोंदलेला आहे. म्हणजे माझा कोश खोटा नव्हता. मी अठराव्या शतकातील शब्द विसाव्या शतकातील माणसाच्या गळ्यात घातला होता. शब्दांना असे म्हातारपण येते. 'नाइस' शब्दाचा मूळ अर्थ अडाणी, 'सिली' शब्दाचा मूळ अर्थ धन्य. आज दोघेही एकमेकांच्या जागी जाऊन बसल्यासारखे वाटतात. आपणही 'दिवटा' म्हणजे दिवा हे विसरून वाया गेलेल्या मुलास दिवटे चिरंजीव म्हणतोच.

वाङ्मय वाचणाऱ्यास हे का ठाऊक असावे, याचे एक चांगले उदाहरण जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मध्ये आहे. आपणांपैकी काहींना ती कादंबरी नेमलेली असेल. तीत मिस्टर कॉलिन्स नावाचे एक धर्मोपदेशक आहेत. आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिन यांची थोरवी गाताना ते 'कन्डिसेन्शन' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरतात. आजचा विद्यार्थी भ्रमणध्वनीवरील कोश उघडतो. तेथे त्यास अर्थ मिळतो, इतरांस कमी लेखून वागणे. मग तो बुचकळ्यात पडतो की, हा गृहस्थ आपल्या मालकिणीची निंदा का करीत आहे? त्या काळी या शब्दाचा अर्थ, थोरामोठ्यांनी आपला मान बाजूस ठेवून लहानाशी आपुलकीने वागणे, असा होता. कॉलिन्स मनापासून स्तुती करीत आहेत. परंतु ती बाई प्रत्यक्षात किती गर्विष्ठ आहे, हे लेखिका आपणांस दाखवीत जाते, आणि त्या स्तुतीचेच हसू होते. पात्राचा अर्थ एक, लेखिकेचा कटाक्ष दुसरा. हा एक शब्द निसटला, तर त्या पात्रातील निम्मा विनोद निसटला. मार्गदर्शिका वाचून 'कॉलिन्स हे विनोदी पात्र आहे' असे उत्तर लिहिता येते व गुणही मिळतात, पण हसू येत नाही. न हसता विनोदी पात्राविषयी पानभर लिहिणे ही शिक्षा आहे, आणि ती आपण वर्षानुवर्षे भोगीत आलो आहोत.

शब्द किती लागतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यंत उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली. नित्याच्या वाचनास तो उत्तम पाया आहे, परंतु कादंबरीस तो पुरत नाही. अलीकडील अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला की, कोणाच्या मदतीवाचून कादंबरी वाचावयाची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. हा आकडा ऐकून घाबरू नये. त्यांनी म्हटलेली ही कुळे आहेत. एका कुळात पाहणे, पाहणारा, पाहणी ही सारी मंडळी एकत्र धरली जातात. शिवाय हा हिशेब पन्नास शब्दांत एकच शब्द अनोळखी असावा, या मापाने केलेला आहे. ते माप आपल्याही फार उपयोगाचे आहे. पुस्तकाचे कोणतेही पान उघडावे आणि अनोळखी शब्द मोजावे. तीनशे शब्दांच्या पानात सहाच्या आत निघाले, तर पुस्तक आपल्या आवाक्यातील आहे. वीस निघाले, तर ते पुस्तक मानाने कपाटात ठेवावे. पुढे त्याचा दिवस येईल. परीक्षेस नेमलेलेच पुस्तक तसे असले, तर मात्र त्याच्या आधी दोन-तीन सोपी पुस्तके वाचून मग त्याकडे वळावे. हा वेळ वाया गेला, असे वाटते. तो जात नाही. आर. के. नारायण यांचे १९३५ सालचे 'स्वामी अँड फ्रेंड्स' यासाठी मी सुचवितो. त्यातील शाळा, मास्तर आणि परीक्षेची धास्ती आपल्या ओळखीची असल्यामुळे अर्धा अर्थ आधीच हातात असतो.

वाचताना प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नये. पहिल्या वाचनात नुसती पेन्सिलीची बारीक खूण करावी. जो शब्द पुन्हा भेटेल, किंवा ज्याच्यावाचून वाक्यच उभे राहत नाही, तेवढाच कोशात पाहावा. कोश इंग्रजी-इंग्रजी असावा. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठी केलेला, १९४८ साली ऑक्सफर्डने काढलेला कोश आजही नव्या नव्या आवृत्त्यांतून मिळतो. मराठी अर्थ अवश्य लिहावा, पण शेवटी. वहीत आधी तो शब्द जेथे भेटला ते संपूर्ण वाक्य उतरवावे, मग तो कोण कोणास म्हणाले हे लिहावे, मग त्याचे सोयरे आणि शेजारी. 'फेमस' च्या शेजारी 'नोटोरियस' लिहिलेला असला, म्हणजे कीर्ती आणि कुप्रसिद्धी यांची गल्लत होत नाही. अशा रीतीने आठवड्यास दहा शब्द झाले तरी पुरे. वर्षाचे पाचशे होतात, आणि ते वहीत न राहता आपल्यापाशी राहतात. त्या तीन वह्यांच्या मानाने ही गती मंद आहे, हे मी कबूल करतो.

आता कामाचे. किप्लिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, हे आपणांस ठाऊक असेल. त्याच्या १८९४ सालच्या 'द जंगल बुक' मध्ये एका घरातील माणसांना दोन नागांपासून वाचविणाऱ्या मुंगसाची गोष्ट आहे. इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द आपल्या मुंगसावरूनच गेलेला आहे, म्हणून आरंभ त्या गोष्टीपासून करू. पुढील महिन्याच्या केंद्र बैठकीत शेवटचा पाऊण तास यासाठी राखून ठेवण्यास केंद्रप्रमुखांनी मान्यता दिली आहे. पहिल्या दोन पानांच्या प्रती शाळानिहाय पाठविल्या जातील. त्या घरी एकदा वाचून खुणा करून आणाव्या. कोश मी आणीन. ज्यांची परीक्षा राहून गेली आहे, त्यांनीही अवश्य यावे.