मे बेटावरील पायवाट

स्कॉटलंडच्या पूर्वेस, फोर्थची खाडी जेथें उत्तर समुद्राला मिळते तेथें, फाइफच्या किनाऱ्यापासून सुमारें आठ किलोमीटरांवर मे नांवाचें एक खडकाळ बेट आहे. त्याची लांबी दोन किलोमीटरसुद्धां भरत नाहीं आणि रुंदी अर्ध्या किलोमीटराच्या आंतच आहे. धडधाकट मनुष्य तासा-दीड तासांत त्याला सहज वळसा घालील. परंतु तसा वळसा घालण्याची मुभा येथें कोणासही नाहीं. बेटावर चालावयाचें तें आंखून दिलेल्या पायवाटेनेंच. वाटेच्या दोन्ही अंगांस हिरवीगार, मऊ हिरवळ पसरलेली दिसते. पण ती जमीन आंतून पोकळ आहे. हजारों बिळांनीं ती पोखरलेली आहे, आणि जूनच्या महिन्यांत त्यांतील बहुतेक बिळांत एकेक जीव वाढत असतो.

बेटाचें नांव प्रथम गाजलें तें दिव्यामुळें. १६३६ सालीं येथें दगडी बुरुज बांधून त्याच्या माथ्यावर कोळशाची आग पेटविण्यांत आली. नित्य पहाऱ्याचें असें स्कॉटलंडमधील हें पहिलें दीपगृह. वर्षाला शेंकडों टन कोळसा त्या आगींत जळे आणि राख बुरुजाच्या पायथ्याशीं सांचत जाई. १७९१ च्या जानेवारींत त्या राखेच्या ढिगानें पेट घेतला. त्यांतून निघालेल्या विषारी वायूनें रखवालदार जॉर्ज अँडर्सन, त्याची पत्नी व पांच मुलें झोंपेंतच गुदमरून गेलीं. तीन दिवसांनीं माणसें आंत शिरलीं तेव्हां ल्यूसी नांवाची तान्ही मुलगी तेवढी जिवंत सांपडली. नित्याचें किरकोळ काम उद्यांवर ढकलल्याची किंमत या बेटानें अशी एकदां मोजलेली आहे.

पुढें १८१० च्या डिसेंबरांत आणखी एक अनर्थ झाला. किनाऱ्यावरील चुनाभट्टीचा उजेड हाच मे बेटाचा दिवा, अशा समजुतीनें ‘निंफ’ व ‘पॅलास’ हीं दोन आरमारी जहाजें डनबारजवळ खडकावर आदळून फुटलीं. त्यानंतर १८१४ मध्यें दीपगृह-मंडळानें साठ हजार पौंड मोजून बेट विकत घेतलें, आणि १८१६ मध्यें रॉबर्ट स्टीव्हन्सन या स्थापत्यविशारदानें किल्ल्याच्या वाड्यासारखें दिसणारें आजचें दीपगृह उभारलें. विख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच नातू. १९८९ च्या मार्चअखेर दिवा स्वयंचलित झाला व शेवटच्या रखवालदारांनीं बेट सोडलें. दिव्याला आतां माणूस लागत नाहीं. वाटेला मात्र लागतो. १९५६ पासून हें बेट राष्ट्रीय निसर्ग-राखीव म्हणून जाहीर झालेलें आहे, आणि पूर्वीं जो पहारा दिव्यावर असे तो आज पायवाटेवर असतो.

त्या पहाऱ्याचा एक दिवस कसा जातो तें पाहण्यासारखें आहे. जूनच्या आरंभीं येथें साडेचारच्या सुमारास सूर्य वर येतो. बेटाचे रक्षक पाहुण्यांच्या होड्या येण्यापूर्वीं वाटेवर निघतात. काम ऐकावयास अगदीं साधें आहे. वाटेवर वाढलेलें गवत कापावयाचें, वाऱ्यानें सैल झालेली दोरी खुंटांवर पुन्हां ताणावयाची, पावसानें हललेला पायरीचा दगड बसवावयाचा, सांचलेल्या पाण्याला चर काढून द्यावयाचा. गवत माजलें म्हणजे वाट दिसेनाशी होते. पाणी सांचलें म्हणजे लोक चिखल टाळण्याकरितां कडेनें चालूं लागतात. आणि कडेला तर बीळ आहे! म्हणून हातभर चिखलाकडे केलेलें दुर्लक्षसुद्धां येथें एखाद्या पिलाच्या जिवावर बेतूं शकतें.

हीं बिळें पफिन या पक्ष्याचीं. काळी पाठ, पांढरें पोट आणि लाल-पिवळ्या पट्ट्यांची रुंद चोंच असा हा वीतभर उंचीचा पक्षी वर्षांतून एकच अंडें घालतो. अंडें सुमारें चाळीस दिवस उबवावें लागतें, आणि पुढें तितकेच दिवस पिलूं बिळाच्या अंधारांत राहतें. मध्येंच छत कोसळलें तर त्या जोडप्याचें सारें वर्ष फुकट गेलें. पफिनला वाट कोणती आणि रान कोणतें हें ठाऊक नसतें. तो वाटेच्या अगदीं काठालाही खणतो. अशा वेळीं हटकावयाचें तें माणसाला, पक्ष्याला नव्हे. दोरी थोडी सरकते, आणि वाट तेवढी अरुंद होते.

पुढें दगडी कुंपणाच्या आडोशाला आयडर बदकाची मादी बसलेली असते. तिचा रंग वाळक्या गवतांत इतका मिसळून जातो कीं, तीन हातांवरूनही ती दिसूं नये. सुमारें पंचवीस दिवस ती अंड्यांवरून जवळजवळ उठत नाहीं व कांहीं खातही नाहीं. तिला दचकवून उठविलें तर टपून बसलेले कुरव पक्षी क्षणांत अंडीं पळवितात. म्हणून तेथें गवत कापण्याचें काम थांबतें. तेवढा पट्टा तिचीं पिलें पाण्यावर जाईपर्यंत तसाच वाढूं द्यावयाचा. निगा म्हणजे केव्हां हात घालावा याचें ज्ञान. तसेंच केव्हां हात आवरावा याचेंही.

धक्क्याजवळ मात्र सारा प्रकार उलटा. तेथें ध्रुवीय सुरय वसाहत करतात. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रावरून प्रतिवर्षीं हजारों मैल उडत आलेला हा नाजूक पक्षी घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर सरळ झेंप घेतो आणि चोंचीनें रक्तही काढतो. तो सर्वांत उंच असेल त्यावर टोंचा मारतो. म्हणून येणारे लोक काठी किंवा हात डोक्यावर उंच धरून चालतात. येथें रक्षण कोणी कोणाचें करावयाचें असा प्रश्न पडावा! आयडर आपला बचाव निश्चल राहून करते, सुरय चढाई करून करतो. बिचाऱ्या पफिनला दोन्ही साधत नाहीं.

दुपारीं अँस्ट्रदरहून पाहुणे येतात. उतरतांच त्यांना नियम समजावून सांगितले जातात. तरीही हौसेनें एखादा गृहस्थ छायाचित्रासाठीं दोन पावलें दोरीपलीकडे टाकतो, किंवा वाटेवरच बराच वेळ उभा राहतो. समुद्रावरून पफिन येतो; चोंचींत रुपेरी वाळूमाशांची ओळ आडवी धरलेली असते. बिळाजवळ माणूस दिसतांच तो उतरत नाहीं. एक फेरी घेतो, दुसरी घेतो. तेवढ्यांत कुरव त्याच्यावर झडप घालून मासे हिसकावतो. उभ्या राहिलेल्या गृहस्थाला आपल्या हातून कांहीं घडलें याची कल्पनाही नसते. रक्षक त्याला रागें भरत नाहीं. आकाशांत घिरट्या घालणारा पक्षी दाखवितो व चार पावलें पुढें सरकावयास सांगतो. पक्षी लगेच उतरून बिळांत शिरतो. नियमाचा अर्थ अशा रीतीनें एकदां दिसला म्हणजे तो पुन्हां सांगावा लागत नाहीं.

जाणून घेण्याची ही परंपरा बेटाला नवी नाहीं. १९०७ पासून पुढें अनेक वर्षें इव्हलिन बॅक्स्टर व लिओनोरा रिंटोल या दोन विदुषींनीं येथें येऊन पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला. १९३४ मध्यें स्थापन झालेलें येथील पक्षि-निरीक्षण केंद्र स्कॉटलंडमधील सर्वांत जुनें आहे. गेल्या शतकाच्या मध्यास बेटावर पफिनचीं थोडींच जोडपीं होतीं. २००३ मध्यें तीं सुमारें एकोणसत्तर हजार भरलीं, आणि २००८ च्या गणनेंत एकदम सुमारें एकेचाळीस हजारांवर आलीं. बेटावरील बिळें होतीं तशीच होतीं; घात झाला तो दूर समुद्रावर, हिवाळ्यांत. वाळूमासा मिळाला नाहीं तर अखंड छपराच्या बिळांतही पिलूं उपाशीं मरतें. २०२४ मध्यें स्कॉटलंडच्या साऱ्या समुद्रांत वाळूमाशांची मासेमारी बंद करण्यांत आली, ती याच विचारानें. वाटेची सीमा दोरीनें आंखतां येते. समुद्राची सीमा कायद्यानें आंखावी लागते.

ऑक्टोबर उजाडतो तेव्हां पफिन गेलेले असतात आणि करड्या सीलमाद्या पिलें घालण्यासाठीं किनाऱ्यावर येतात. मादी सुमारें अठरा दिवस स्वतः उपाशीं राहून पांढऱ्या केसाळ पिलाला दूध पाजते. मग पाहुण्यांस बेट वसंतापर्यंत बंद होतें. ज्या वाटेवरचा एकेक दगड उन्हाळाभर जपला, तिच्यावर सीलमाद्या खुशाल आडव्या पडतात, आणि त्यांना कोणीही उठवीत नाहीं. रात्रीं वर दिवा फिरत असतो. तो जहाजांना सांगतो कीं इकडे येऊं नका, येथें खडक आहे. खालची पायवाटही माणसाला तेंच सांगते: येथून पलीकडे पाऊल टाकूं नका, येथें कोणी राहतें.