लाईन आली का?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजी शब्दांनी मराठी बिघडवली अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्या वादात आज मला शिरायचे नाही. मला एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचे आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरते आणि तो इंग्रजी आहे हे तिच्या गावीही नसते. तो शब्द म्हणजे 'लाईन'.

इंग्रजीच्या मोठ्या कोशात या शब्दाला पानेच्या पाने दिलेली असतात. रेघ, ओळ, दोरी, रांग, तार, रुळ, सीमा, वंश, धंदा, कवितेची ओळ, कपाळावरची सुरकुती. अर्थ संपता संपत नाहीत. आपण त्यातले सगळे घेतले नाहीत. कवितेची ओळ आपल्याकडे ओळच राहिली, कपाळावर आठ्याच पडतात, हातावर रेषाच असतात. कोणते अर्थ घेतले आणि कोणते सोडले, हे पाहू लागलो की गंमत वाटते. आणि पुढे जाऊन थोडी काळजीही वाटते. ती का, ते सांगतोच.

आधी या शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत 'लीनम' म्हणजे जवस. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. जवसाच्या खोडातून जो चिवट धागा निघतो, त्याला 'लीनेआ' म्हणत. त्याचीच पुढे इंग्रजीत 'लाईन' झाली. ताणलेला धागा, मग त्या धाग्यासारखी सरळ रेघ, मग रेघेसारखे जे जे सरळ जाते ते सगळे. लिनन हे कापड त्याच कुळातले. लिनसीड, म्हणजे जवसाचे बी, तेही त्याच घरचे. शिवणकाम करणारी ताई विचारते, "ब्लाऊजला लायनिंग लावायचं का?" तेही तिथलेच, कारण पूर्वी तिकडे कपड्याला आतून लिननचे अस्तर लावत. जवस विदर्भाला नवे नाही. आपण ते तेलासाठी पेरले, धाग्यासाठी नाही. धाग्याला आपल्याकडे कापूस होता. पण गवंडी भिंत उचलताना जी लाईनदोरी बांधतो, तिच्यात या शब्दाचा पहिला अर्थ आजही शाबूत आहे. दोरी हाही धागा आणि लाईन हाही धागा. एकाच वस्तूला दोन भाषांतली दोन नावे जोडून आपण तिसरा शब्द केला आहे.

आपल्या जिल्ह्यात ही लाईन आली ती रेल्वेच्या रूपाने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. त्या वाटेवर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली गावे लागली. त्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची कापूस बाजारपेठ एवढी मोठी, की १८७० साली जलंब ते खामगाव असा खास फाटा टाकला गेला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले होते. जेमतेम तेरा किलोमीटरचा हा फाटा, पण कापूस मुंबईला न्यायला पुरेसा.

जाता जाता त्याच युद्धातला आणखी एक शब्द सांगतो. १८६४ च्या सुमारास तिथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ ठरवलेली असे. ती ओलांडली, की पहारेकऱ्याने गोळी घालावी असा हुकूम. तिचे नाव डेडलाईन. आज आपण पीकविमा भरण्याची डेडलाईन म्हणतो. सर्व्हर बंद पडलेल्या केंद्रासमोर शेवटच्या तारखेला बसलेल्या शेतकऱ्याला त्या मूळ अर्थाची थोडीफार कल्पना येत असावी.

तर रेल्वे घाटाखालून गेली. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांना ठाऊक आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली "आमचं घर लाईनीच्या पल्याड आहे" असे म्हटले की लाईन म्हणजे रुळ, यात शंका नसते. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा इथे रुळ नाहीत. खुद्द बुलडाणा हे जिल्ह्याचे ठिकाण, तिथेही नाहीत. घाटावरच्या माणसाला गाडी पकडायची तर मलकापूर, शेगाव गाठायचे, नाही तर दुसऱ्या बाजूने जालना. खामगाव ते जालना या लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. निवेदने झाली, आंदोलने झाली, सर्वेक्षणे झाली. घाटावरच्या तीन-चार पिढ्यांनी लाईन या शब्दाचा हा अर्थ भविष्यकाळातच वापरला: लाईन येणार, लाईन इथून जाणार, लाईनीत शेत जाणार. चिखलीच्या बाजूला "लाईन आली का?" असे विचारले, तर रेल्वेचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. तिथे लाईन म्हणजे वीज.

पुण्या-मुंबईकडे 'लाईट गेले' म्हणतात. आपण विदर्भातले लोक 'लाईन गेली' म्हणतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे गमतीचे वाटते. मला मात्र यात शहाणपण दिसते. लाईट म्हणजे दिवा. शहरात वीज गेली की पहिला जातो तो दिवा, पंखा, टीव्ही. शेतकऱ्याच्या घरचा दिवा गेला तरी चालते, त्याला हवी असते ती विहिरीवरची मोटर. त्याचे लक्ष दिव्याकडे नसते, खांबावरून येणाऱ्या तारेकडे असते. म्हणून त्याने तारेचे नाव घेतले.

सरकारी मराठीत या लाईनीला 'वाहिनी' म्हणतात. २०१७ साली सुरू झालेल्या योजनेचे नावच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. शब्द चांगला आहे, कानाला गोड आहे. पण टीव्हीच्या चॅनेललाही आपण वाहिनीच केले, आणि बोलण्याच्या ओघात वाहिनीची वहिनी व्हायला वेळ लागत नाही. "आमची वाहिनी तीन दिवसांपासून गेलेली आहे," अशी तक्रार कोणी फोनवर नोंदवायची? खांबावर चढणाऱ्यालाही वीज कंपनी 'जनमित्र' म्हणते. गावाने त्याला लाईनमनच ठेवले. आता बायाही खांबावर चढू लागल्या आहेत, तर त्या झाल्या लाईनमन बाई. व्याकरणाच्या शिक्षकाने डोक्याला हात लावावा. गावाला त्यात काही अडत नाही.

आता काळजीचा भाग. रब्बीच्या हंगामात शेतीच्या लाईनीचे वेळापत्रक असते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा, काही दिवस रात्री. पारावर संध्याकाळी प्रश्न असतो, "या हप्त्यात लाईन कोणती?" उत्तर येते, "रातची." एवढ्या एका शब्दात पुढचे सगळे आले. जेवण करून, बॅटरी आणि काठी घेऊन, मफलर गुंडाळून माणूस गव्हाच्या, हरभऱ्याच्या ओलिताला निघतो. डिसेंबर-जानेवारीची थंडी, पायाखाली चिखल, साप-विंचवाचे भय, रानडुकरांचे कळप. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपासच्या गावांत तर अस्वलाची भीती असते. अस्वल समोर आले तर काय होते, ते तिथल्या लोकांना मी सांगायला नको. घरी बाई जागी असते. मध्यरात्री फोन करून ती "कसे आहात?" असे विचारत नाही. ती विचारते, "लाईन हाये का?" लाईन असली तर माणूस मोटरपाशी आहे, पाणी चालू आहे, सगळे ठीक आहे. आमच्या शेजारच्या एका काकूंना मी विचारले, की नीट का विचारत नाही? त्या म्हणाल्या, "तेच तं इचारते मी."

माझी खरी चिंता 'लाईन गेली' या वाक्याची आहे. लाईन तीन-चार कारणांनी जाते. एक, भारनियमन. दोन, कुठे तार तुटली, डीपी जळाली, म्हणजे बिघाड. तीन, लाईनमनने काम करण्यासाठी पुरवठा मुद्दाम बंद ठेवला. चार, थ्री फेज गेली आणि सिंगल फेज राहिली. घरातला बल्ब लागतो, पण मोटर फिरत नाही. बोलताना आपण चारही वेळा एकच म्हणतो, लाईन नाही. आणि 'नाही' म्हटले की माणूस बिनधास्त होतो. डीपीवरचा फ्यूज गेला, लाईनमन दुसऱ्या गावाला, पिकाचे पाणी अर्धवट, मग कोणी तरी धाडसी पोरगा म्हणतो, "आता लाईन नाही, मीच टाकतो." ती लाईन भारनियमनाने गेलेली असेल, तर वेळ संपताच येणार. बिघाडाने गेलेली असेल, तर तिकडे दुरुस्ती होताच येणार. येताना ती हाक मारून येत नाही. फ्यूज टाकायला, तार जोडायला गेलेल्या माणसाला विजेचा धक्का लागल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. सगळा दोष शब्दाचा आहे असे मी म्हणत नाही. माणसे कमी, तारा जुन्या, खांब वाकलेले, ही कारणे मोठीच. पण ज्या शब्दावर जीव टांगलेला आहे, तो एवढा ढगळ असू नये, असे भाषेचा माणूस म्हणून मला वाटते. लाईनमन स्वतः असे बोलत नाहीत. काम करण्याआधी ते उपकेंद्रातून परमिट घेतात. परमिट परत केल्याशिवाय लाईन चालू करायची नाही, असा दंडक. त्यांच्या भाषेत 'गेली' आणि 'बंद केली' यांत जीव आणि मरण एवढे अंतर आहे. गावकऱ्यांनी तेवढा एक फरक उचलला तरी खूप आहे. 'गेली' ती येऊ शकते. 'बंद केली' तीच बंद, आणि तीसुद्धा ज्याने केली त्याच्यासाठी.

याच्या मानाने शब्दाचे बाकीचे अर्थ सौम्य आहेत. पोलीस लाईन म्हणजे पोलिसांची वसाहत. छावणीतल्या तंबूंच्या ओळींवरून आलेले नाव, आता तिथे तंबू नाहीत आणि ओळही धड राहिलेली नाही. मुलगा 'मेडिकल लाईन'ला गेला म्हणजे कधी डॉक्टर झाला, कधी औषधाच्या दुकानात लागला. सोयरीक जुळवताना हा संदिग्धपणा फार उपयोगी पडतो. पोरगा 'लाईनला लागला' म्हणजे कमवू लागला. 'लाईनीवर आला' म्हणजे व्यसन सुटले. 'लाईन मारतो' म्हटले की बापाने लक्ष घालावे. 'लाईन क्लिअर' हा रेल्वेचा शब्द आता लग्नात आणि निवडणुकीत फिरतो. समृद्धी महामार्ग २०२२ साली नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेड राजाच्या बाजूने धावू लागला, तेव्हापासून 'लेन'चीही लाईन झाली: "लाईन सोडू नको रे," असे ड्रायव्हरला मागून सांगितले जाते.

रांगेची लाईन मात्र आपल्याला चांगली ओळखीची. रॉकेलची लाईन, रेशनची लाईन, २०१६ च्या नोटाबंदीत बँकेसमोरची लाईन, खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात मात्र दर्शनबारी असते. बारी म्हणजे पाळी. त्या शब्दातच आश्वासन आहे, की तुझी पाळी येईल. लाईन या शब्दात तसले काही नाही. लाईन म्हणजे नुसते उभे राहणे. म्हणून तिथे आपल्याला 'नंबर' हा आणखी एक इंग्रजी शब्द आणावा लागला: "लाईन मोठी आहे, पण आपला नंबर लागेल."

आणि शेवटी आली ऑनलाईन. हे विशेषण होते, आपण त्याचे नाम केले. "ऑनलाईन करून आलो," असे शेतकरी म्हणतो. काय केले? विमा, सातबारा, अनुदान, ई-पीक पाहणी, काहीही असेल. ऑनलाईनसाठी सेवा केंद्रासमोर लाईन लागते, आत लाईन नसते, आणि लाईन आली तर सर्व्हर चालत नाही. एकाच दारात शब्दाचे तीन अर्थ एकमेकांवर आदळतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका तरुणाच्या विहिरीवर सौर पंप बसला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही २०२४ ची योजना; अर्ज ऑनलाईन, मग पैसे भरा, मग थांबा. थांबून थांबून त्याचा नंबर लागला. मी शेतावर गेलो तर भर दुपारी पाणी चालू होते. सवयीने विचारले, "लाईन कोणती आहे या हप्त्यात?" तो हसला आणि म्हणाला, "सर, आपल्याकडे लाईनच नाही." एवढी वर्षे हे वाक्य मी रडगाणे म्हणून ऐकत आलो होतो. त्याने ते मिशीला पीळ देऊन म्हटले. वर आभाळात एक ढग सरकत होता, त्याकडे त्याचे लक्ष होते.