मोटारीचे सुख आणि मोटारीचा ताबा

मोटारगाडीचे गुण सांगताना दोन गोष्टींचा उल्लेख शेजारीशेजारी होतो, आणि त्या दोहोंचे सहसा पटत नाही असेही लगेच सांगितले जाते. एक म्हणजे आत बसणाराला लाभणारे सुख, आणि दुसरी म्हणजे चालवणाराला लाभणारा ताबा. गाडीच्या स्प्रिंगा मऊ ठेवल्या तर खड्ड्यांचे धक्के बसणारापर्यंत पोचत नाहीत. पण वळणावर गाडी कलते, ब्रेक लावताच नाक खाली घालते. स्प्रिंगा ताठ केल्या तर गाडी वळणावर सरळ उभी राहते. मात्र रस्त्यावरचा प्रत्येक खडा प्रवाशाच्या पाठीला आपली ओळख करून देतो. शंभराहून अधिक वर्षे मोटारी बांधणारे कारागीर या दोन टोकांमधला सुवर्णमध्य शोधीत आले आहेत.

मोटार उघड्या टपाची असली म्हणजे या भांडणात तिसरा वादी येऊन उभा राहतो. गाडीचे छप्पर केवळ ऊनपावसासाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. काडेपेटीचे बाहेरचे कवच हातात घेऊन पिळण्याचा प्रयत्न करावा; ते पिळाला पुरेसा विरोध करते. त्याचीच वरची बाजू कापून टाकावी आणि पुन्हा पिळून पाहावे. तीच गोष्ट मोटारीची. छप्पर गेले की सांगाड्याचा ताठपणा पुष्कळसा जातो. एक चाक खड्ड्यात गेले की सारा सांगाडा किंचित पिळवटतो, समोरच्या काचेची चौकट थरथरते आणि तो कंप सुकाणूच्या चक्रातून चालकाच्या हातात उतरतो. जणू चार चाकांच्या चार स्प्रिंगांखेरीज गाडीचा सांगाडा हीच पाचवी स्प्रिंग होऊन बसते. आणि तिला आवरणारा धक्काशोषक कोणीच बसविलेला नसतो. म्हणून ताबा वाढावा या हेतूने उघड्या गाडीच्या स्प्रिंगा ताठ केल्या, तर ताबा वाढण्याऐवजी थरथर वाढते. अशा गाडीत चाकांखालचा मऊपणा ही केवळ चैन राहत नाही. सांगाड्याच्या संरक्षणाची ती गरज ठरते.

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर फ्रान्समध्ये सापडले. ६ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने ‘डी. एस. १९’ ही गाडी लोकांपुढे मांडली. फ्रेंच भाषेत या दोन अक्षरांचा उच्चार ‘देएस’ असा होतो आणि त्याचा अर्थ देवी असाही होतो. तिचा आकार घडविला तो इटलीत जन्मलेल्या फ्लामिनिओ बेर्तोनी या शिल्पकाराने. यांत्रिक रचनेची धुरा आंद्रे लफेव्र यांनी वाहिली. आणि तिच्या चाकांवर जे नवल होते, ते पॉल माजेस यांच्या चिकाटीचे फळ होते. माजेस यांची ही युक्ती १९५४ साली कंपनीच्या आधीच्या एका गाडीच्या केवळ मागच्या चाकांवर अजमावून पाहण्यात आली होती.

ही युक्ती अशी. प्रत्येक चाकाजवळ नारळाएवढा एक पोलादी गोल असतो. गोलाच्या मधोमध रबराचा पडदा असून त्याच्या एका बाजूला दाबाखाली भरलेला नत्रवायू आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो. चाक वर उचलले गेले की एक दट्ट्या द्रवाला ढकलतो आणि द्रव वायूला दाबतो. स्प्रिंगेचे काम हा वायू करतो. गोलाच्या तोंडाशी बारीक झडपा असतात. द्रवाला त्यांतून वाट काढावी लागते आणि हेलकावा तेथेच शमतो. चार माणसे बसून गाडी जड झाली, तर एक नियामक पंपाच्या दाबाखालचे आणखी द्रव आत सोडतो व गाडी पूर्वीच्याच उंचीवर येते. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला त्याने फसू नये म्हणून हा नियामक मुद्दाम सावकाश वागणारा केलेला असतो.

माजेस यांनी दोन कामांची फारकत केली, ती अशी. पोलादी स्प्रिंगेला गाडीचा भार उचलून धरावा लागतो आणि धक्काही गिळावा लागतो. येथे उंची सांभाळणे हे द्रवाचे काम, आणि धक्का गिळणे हे वायूचे. त्यामुळे वायू पुष्कळ मऊ ठेवता आला. आणि भार वाढला तरी गाडीची बैठक बदलत नसल्याने सुकाणूची वागणूकही बदलली नाही.

ताब्यासाठी इतर योजनाही होत्या. पुढच्या दोन चाकांमधले अंतर मागच्यांपेक्षा सुमारे २० सेंटिमीटरने अधिक ठेवले होते. वजनाचा मोठा वाटा पुढे होता आणि इंजिनाची ओढही पुढच्याच चाकांना होती. पुढचे डिस्क-ब्रेक चाकांत न बसविता आत, इंजिनाच्या बाजूला बसविले होते. त्यामुळे चाके हलकी राहिली. आणि हलके चाक खड्ड्याबाहेर लवकर येऊन रस्त्याला पुन्हा चिकटते. सुकाणू फिरवताना चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या बरोबर मध्यातून जाईल अशी मांडणी होती. टायर फुटला तरी सुकाणू हातातून ओढले जाऊ नये, हा त्यामागील हेतू. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा ते अशाच डी. एस. गाडीत होते. गोळ्यांनी टायर फुटले. तरी चालकाने गाडी काबूत ठेवून वेगाने बाहेर काढली.

या देवीचे छप्पर काढण्याचे धाडस पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरे येथील गाडीसाज घडविणारे आंरी शाप्रों यांनी १९५८ च्या सुमारास प्रथम स्वतःच्या जबाबदारीवर केले. पुढे १९६० साली कंपनीनेच त्यांच्याकडून उघड्या टपाच्या गाड्या बांधून घेऊन आपल्या विक्रेत्यांमार्फत विकण्यास आरंभ केला. डी. एस. ची घडण या कामाला काहीशी अनुकूल होती. तिचे बाहेरचे पत्रे सांगाड्यावर केवळ अडकविलेले असत, आणि बंद गाडीचे छप्परही फायबरग्लासचे होते. तथापि छपराखालची चौकट नाहीशी होणार होती, तिची भरपाई करणे भागच होते. म्हणून दोन्ही बाजूंचे लांब तळपट्टे आणि मागच्या चाकांच्या भुजा जेथे टेकतात ती पेटी, ही ठिकाणे भक्कम केली गेली. वरून काढलेले बळ खाली घालावे लागले आणि त्याची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागली. दोन लांब दारांच्या अशा एकंदर १,३६५ गाड्या बांधल्या गेल्या. वळणावर ही गाडी बरीच कलते. नवख्या प्रवाशाला त्याची धास्ती वाटते. पण कलणे म्हणजे घसरणे नव्हे, चाकांची पकड शाबूत असते.

आज या गाड्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि अशी गाडी बाळगणारापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो येथेच. वर्षे लोटतात तसा गोलातला नत्रवायू रबरी पडद्यातून अगदी हळू निसटत जातो. पोलादी स्प्रिंग थकली की गाडी खाली बसते आणि दोष डोळ्यांना दिसतो. येथे उंची द्रव सांभाळत असल्यामुळे गाडी दिमाखात योग्य उंचीवर उभी असते. आतला मऊपणा मात्र नाहीसा झालेला असतो. इंजिन चालू ठेवून गाडीचा मागचा भाग हाताने दाबून पाहिला म्हणजे खरे कळते. तो अलगद खाली जाऊन वर आला तर प्रकृती ठीक; दगडासारखा घट्ट राहिला तर वायू गेला. अशा स्थितीत गाडी चालविली, तर प्रत्येक धक्का हातोडीच्या घावासारखा छप्पर नसलेल्या सांगाड्यावर पडतो.

दुसरे पथ्य द्रवाचे. आरंभीचे तांबूस द्रव हवेतील ओलावा शोषून घेई आणि आतले भाग गंजत. १९६६ साली त्याच्या जागी हिरवे खनिज तेल आले. एकासाठी बनविलेली रबरे दुसऱ्यात टिकत नाहीत. ब्रेक आणि सुकाणू यांनाही त्याच द्रवाचा दाब मिळतो. म्हणून येथे एकाऐवजी दुसरे ओतणे म्हणजे केवळ सुखाची हानी नव्हे, जिवाशी खेळ आहे. टायरचे खाचे शिल्लक असले तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर दगा देते. शेवटी तळपट्टे. छपराच्या बदल्यात ज्यांना बळ दिले, त्यांतच पाणी साठून गंज धरतो. दार लावताना ते अडू लागले, त्याच्या कडेची फट कोठे रुंद तर कोठे अरुंद दिसू लागली, तर बिजागरीला दोष देण्यापूर्वी तळपट्टे उघडून पाहावेत.

माजेस यांच्या कल्पनेची थोरवी परक्यांनीही मानली. रोल्स-रॉइस कंपनीने १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’ गाडीत बैठक समतल राखण्याची योजना सित्रोएनच्या परवान्यानेच घेतली. डी. एस. चे उत्पादन १९७५ साली थांबले. वायू आणि द्रव यांची ती जोडी सित्रोएनच्या नव्या गाड्यांत २०१७ पर्यंत टिकली. जुनी उघडी गाडी खडबडीत चालू लागली की तिच्या वयाला बोल लावण्याची किंवा ताठ स्प्रिंगा बसविण्याची घाई केली जाते. पुष्कळदा गाडी म्हातारी झालेली नसते. चार गोलांतला वायू तेवढा सरलेला असतो. तो पुन्हा भरला की सुख परत येते, आणि त्याच्याबरोबर ताबाही.