दगडाचं झाड



अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या दफनभूमीत फिरताना क्रूस आणि देवदूतांच्या गर्दीत मध्येच एक तोडलेलं झाड दिसतं. फांद्या छाटलेल्या, साल खडबडीत, बुंध्याशी कुऱ्हाड आणि पाचर. हात लावला की कळतं, हा तर दगड! आणि खाली निजलेला माणूस लाकूडतोड्या असेलच असं नाही. दुकानदार असेल, नाहीतर कारकून.

ही 'वुडमेन ऑफ द वर्ल्ड' या बंधुमंडळाची खूण. १८९० साली ओमाहा शहरात जोसेफ रूट यांनी ते स्थापन केलं. जंगल साफ करून बायकामुलांसाठी घर उभारणाऱ्यांची गोष्ट त्यांनी एका प्रवचनात ऐकली आणि नाव सुचलं. (रूट म्हणजे मूळ. आडनावातच झाड!) दीक्षाविधी, गुप्त खुणा असा थाट होता खरा, पण वर्गणीच्या बदल्यात मिळायचा तो विमा. सुरुवातीला त्यात थडग्याचा दगडही मिळे. १९२० च्या दशकात तो खर्च झेपेना, तेव्हा दगड बंद झाला.

अर्थात दिसला बुंधा की वुडमेन, असं नाही. अकाली तुटलेल्या आयुष्याची खूण म्हणूनही असे बुंधे कोरत. मंडळाची गोल मोहर शोधावी. तिच्यावरच्या लॅटिन शब्दांचा अर्थ, गप्प असला तरी तो बोलतो आहे.

थडग्यांवर इतर बंधुमंडळांच्याही खुणा असतात. त्यांत फ्रीमेसनांचा गुण्या आणि कंपास दिसला की लोकांना लगेच कटकारस्थानं आठवतात. मला मात्र ऑड फेलोज मंडळाच्या साखळीच्या तीन कड्या जास्त बोलक्या वाटतात. मैत्री, प्रेम, सत्य, असा त्यांचा अर्थ. आजाऱ्याला भेटायचं, अडलेल्याला हात द्यायचा, मेलेल्याला मूठमाती द्यायची आणि त्याच्या पोरक्या पोरांना शिकवायचं, हे सभासदांचं कर्तव्य. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा आला १९३५ मध्ये. त्याआधी कमावता माणूस गेला की घर उघड्यावर पडे. अशा वेळी दारात उभी राहणारी माणसं होती, एवढंच त्या कड्या सांगतात.

न्यू ऑर्लिन्सच्या ग्रीनवुड दफनभूमीत एल्क नावाच्या आणखी एका बंधुमंडळाची सामाईक कबर आहे. मातीच्या टेकाडावर कांस्याचं एल्क, म्हणजे सांबरासारखं हरीण, खाली दारावर घड्याळ. त्यात कायम अकरा वाजलेले. ते बंद पडलेलं नाही. रात्री अकराला, हजर नसलेल्या भावांची आठवण काढायची, ही एल्क मंडळींची रीत.