लशी आठवतात का?



आपल्या न्हावा-शेव्याकडे कुठल्याही घरी विचारा, "पोराला लशी टोचल्या का?" उत्तर येतं, "सगळ्या टोचल्या, गुरुजी." खोटं कुणी बोलत नाही. पण आठवतं ते पोराचं रडणं नि रात्रीचा ताप. ६, १० आणि १४ आठवड्यांना तीच पेंटा लस टोचतात. त्यातली एक चुकली, तर आई कशी सांगणार?

बी.सी.जी.चा व्रण दंडावर बहुधा दिसतो. गोवराच्या लशीची तशी खूण राहत नाही. पोलिओचे थेंब दारात येऊन पाजले, म्हणून कित्येकांना सगळं झालंसं वाटतं. त्या थेंबांनी गोवर अडत नाही. २०२२ साली खाडीपलीकडे मुंबईत गोवराची साथ आली. लेकरं दगावली.

बंदरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा आपण सातबारा जपला. नुसत्या तोंडी शब्दावर मोबदला कोण देतो? लशीचं कार्ड तसंच जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पावसात भिजतं.

आता तुम्हांला वाचता येतं. आजच कार्ड काढा. गोवराची लस ९ महिने भरल्यावर एकदा, १६ ते २४ महिन्यांत पुन्हा. दोन्ही तारखा लिहिल्या आहेत का? जागा कोरी असली, तर आशाताईंना दाखवा. मूल मोठं झालं म्हणून लाजू नका. राहिलेली गोवराची लस ५ वर्षांपर्यंत देतात.