नकाशा निराळा असता तर

(अजिंठा येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस निमंत्रण धाडले तेव्हा विवाहखर्चाचे नियमन हा विषय आमच्या वाट्यास आला होता, आणि त्याचे टिपणही आम्ही सिद्ध करून आणले होते. परंतु काल सायंकाळी येथे उतरल्यावर भोजनमंडपाच्या कनातीस टांगलेला एक नकाशा आमच्या दृष्टीस पडला, आणि ते टिपण आम्ही खिशातच राहू दिले. विवाहखर्चावर गेली कित्येक वर्षे आपण बोलत आहो व खर्च वाढतच आहे. आणखी एक वर्ष न बोलल्याने फारसे काही बिघडणार नाही.

ज्यांनी तो नकाशा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्यातील चार-पाच सुशिक्षित तरुणांनी मोठ्या परिश्रमाने तो काढला आहे. ज्या ज्या गावी आपल्या समाजाची घरे आहेत त्या त्या गावी तांबडा ठिपका दिला आहे व घरांची संख्या लिहिली आहे. अजिंठा, शिवना, गोळेगाव, अंभई, घाटाखालचे फर्दापूर, पलीकडे जामनेर तालुक्यातील पहूर, आणि पूर्वेस भोकरदनकडील काही गावे. या ठिपक्यांभोवती निळ्या पेन्सिलीने एक वेडीवाकडी रेघ ओढली असून तिच्या आतील प्रदेशास जिल्हा परिषदेचा एक गट कल्पिले आहे. मागे आपले एक बंधू जिल्हा परिषदेस उभे राहिले होते व थोडक्या मतांनी पडले, हे आपणां सर्वांस विदित आहेच. ते आज या सभेतही आहेत. गट जर या निळ्या रेघेचा असता तर ते निवडून आले असते, असा नकाशाचा सिद्धांत आहे. पुढील गटरचनेच्या वेळी हरकती मागविल्या जातील तेव्हा हा नकाशा मंडळाच्या नावाने व मंडळाच्या खर्चाने सरकारकडे धाडावा, असा ठराव आज दुपारी मांडला जावयाचा आहे. म्हणून त्याविषयी आताच बोलणे प्राप्त झाले.

प्रथमच सांगून टाकतो की आम्हांस हा नकाशा पाहून कौतुक वाटले. तरुणांस घरोघर हिंडून माणसे मोजावीशी वाटली, ही लहान गोष्ट नव्हे. आणि असली आकडेमोड काही नवी नाही. आमच्या वडिलांनी ती १९५७ साली केली होती. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. ओसरीवर कंदिलाच्या उजेडात वहीच्या पाठकोऱ्या पानावर ते बेरजा-वजाबाक्या मांडीत, आणि आम्ही शेजारी बसून पाटीवर तेच आकडे गिरवीत असू. त्या आकड्यांची कथा आज आपणांस सांगावयाची आहे.

हे अजिंठे गाव नकाशांनी जितके हलविले तितके क्वचितच एखादे गाव हलले असेल. गाव जागचे हलले नाही. भोवतालच्या रेघा हलल्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि घाट उतरून फर्दापूर ओलांडले की मुंबई इलाखा लागत असे. आमची आत्या पहूरला दिलेली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वडिलांनी मत दिले ते हैदराबादच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी, आणि आत्याच्या यजमानांनी दिले ते मुंबईच्या विधानसभेसाठी. बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर दोन राज्ये. आपले पुढारी स्वामी रामानंद तीर्थ त्या वेळी लोकसभेवर गेले ते गुलबर्ग्याहून, जे आज कर्नाटकात आहे. पुढे १९५७ साली तेच स्वामीजी औरंगाबादेतून निवडून गेले. माणूस एक, कार्य एक. नकाशा तेवढा दुसरा.

या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात तर मौजच झाली. राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात मराठवाडा मुंबई राज्यात, गुजरातही त्यातच, आणि विदर्भ मात्र वेगळा. म्हणजे आपल्या पूर्वेचे बुलढाणे परराज्य झाले असते. जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीहून दुसरी योजना जाहीर झाली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. आता बुलढाणे आपले झाले, पण मुंबई गेली. ऑगस्टमध्ये तिसरा निर्णय झाला की गुजरात, विदर्भ, मराठवाडा, मुंबई सारे एकत्र. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विशाल द्वैभाषिक अस्तित्वात आले. पुरते वर्षही झाले नव्हते आणि या गावाने कागदावर तीन राज्ये पाहिली. चौथे, १ मे १९६० चे, अद्याप यावयाचे होते.

१९५७ च्या आरंभी निवडणूक झाली ती या द्वैभाषिकाच्या नकाशावर. एकंदर जागा ३९६. त्यांपैकी काँग्रेसला २३४ मिळाल्या व यशवंतराव चव्हाणांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. परंतु हे बहुमत कोठून आले? पुण्यास फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली होती. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्या सभांस लोटणारा समुदाय मतपेटीपर्यंत पोहोचला होता. काँग्रेसचा डोलारा उभा राहिला तो गुजरात, विदर्भ आणि आपला मराठवाडा यांच्या खांबांवर. वास्तविक गुजरातेतही महागुजरातवाल्यांनी द्वैभाषिकाविरुद्ध झुंज दिली होती. दोन्हीकडे ज्या राज्याविरुद्ध मते पडली, ते राज्य त्या मतांच्या एकत्र बेरजेनेच टिकले, हा त्या निवडणुकीतील विलक्षण प्रकार होय.

वडिलांची आकडेमोड अशी की ३९६ मधून गुजरातचे १३२ वजा करा. उरतात २६४, म्हणजेच संयुक्त महाराष्ट्र. बहुमतास १३३ पाहिजेत. आता मोजा! मग अपक्ष कोणाच्या पदरात टाकावयाचे यावर ओसरीवर तासन् तास वाद चाले. विदर्भही बाजूला काढला तर काय, मुंबई शहर वगळले तर काय, असे नाना नकाशे त्या वहीत झाले. एका नकाशात काँग्रेस काठावर येई, दुसऱ्यात समितीचे राज्य होई. पहूरचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कट्टर समितीवाले. ते म्हणत, “तुमच्या मराठवाड्याने आमचा घात केला.” वडील म्हणत, “आम्हांला निजामापासून सोडविणाऱ्यांना आम्ही मत दिले. मुंबईत गोळ्या झाडल्या हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले, तुमच्यासारखे भोगले नाही.” आम्हांस वाटते, दोघेही खरे बोलत होते.

पुढे जे घडले ते फार थोड्या आकडेमोड करणाऱ्यांच्या नशिबी येते. कल्पनेतला नकाशा प्रत्यक्षात उतरला. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा झाला व वडिलांच्या वहीतला तोच २६४ जागांचा महाराष्ट्र अस्तित्वात आला. १९६२ साली निवडणूक झाली. वडिलांनी ती वही जपून ठेवली होती. निकाल पडताळून पाहण्यासाठी त्यांनी ती पेटीतून काढली. काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या होत्या! ज्या नकाशावर काँग्रेसची सत्ता डळमळावयाची, त्याच नकाशावर ती पूर्वीपेक्षा घट्ट झाली.

हे कसे झाले? वडिलांची बेरीज चुकली नव्हती. एक गोष्ट मात्र त्यांनी, मामांनी आणि आम्ही पाटी घेऊन बसलेल्यानेही धरून चाललो होतो, ती ही की रेघा बदलल्या तरी मते जिथल्या तिथे राहतील. प्रत्यक्षात समितीला पडलेले मत हे त्या द्वैभाषिकाच्या नकाशाविरुद्धचेच मत होते. नकाशा बदलताच त्या मताचे कारण संपले. समितीत एकत्र बसलेले पक्ष आपापल्या वाटांनी गेले, आणि विरोधी मते फुटली. त्यामुळेच १९६२ साली काँग्रेसला राज्यात निम्म्याच्या आसपासच मते असूनही पाचांत चारांहून अधिक जागा मिळाल्या. रेघेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, समोरची माणसे एकत्र आहेत की विखुरलेली यावर जागा अवलंबून असते.

आता पुन्हा कनातीवरील नकाशाकडे येऊ.

तरुणांस आम्ही काल पहिला प्रश्न कायद्याचा विचारला. जिल्हा परिषदेच्या गटाचे दोन गण होतात आणि त्या गणांतून तालुक्याची पंचायत समिती निवडली जाते. त्यामुळे गट तालुक्याबाहेर जात नाही. अजिंठा सिल्लोड तालुक्यात, फर्दापूर सोयगाव तालुक्यात, पहूर जळगाव जिल्ह्यात, भोकरदन तर १९८१ पासून जालना जिल्ह्यात. तुमची निळी रेघ तीन जिल्हे ओलांडते. त्यावर एक चिरंजीव म्हणाले, “आजोबा, लोकसभेला तर आपण जालन्यातच मत देतो ना!” उत्तर हजरजबाबी होते, आणि खरेही. सिल्लोड विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभा मतदारसंघात आहे. परंतु लोकसभेच्या रेघेस तालुक्याची पंचायत समिती सांभाळावयाची नसते. गटाच्या रेघेस ती सांभाळावी लागते.

कायदा बाजूस ठेवू. नकाशा कल्पनेचाच समजू. दुसरा प्रश्न आम्ही पडलेल्या बंधूंसच विचारला, कारण त्यांची केंद्रवार यादी त्यांच्यापाशी आहे. आपणांस पडलेल्या मतांपैकी आपल्या समाजाची किती असतील? त्यांनी बराच वेळ विचार केला व सांगितले की चौथा हिस्सासुद्धा नसतील. उरलेली मते कोणाची? विहिरीच्या कर्जप्रकरणात त्यांनी ज्यांच्यासाठी तहसिलीत खेटे घातले त्यांची. त्यांच्या शाळेत शिकलेल्यांची. आठवडी बाजारात त्यांच्या शब्दावर उधार देणाऱ्यांची. नकाशावर ही माणसे कोठे आहेत? तांबड्या ठिपक्यांच्या मधली जी कोरी जागा आहे ती त्यांची. निळ्या रेघेने त्यांतील पुष्कळांस बाहेर टाकले आहे. आणि जे आत राहतील त्यांस उद्या समजले की हा गट एका ज्ञातीने आपल्यासाठी आखून मागितला, तर १९५७ साली समितीने जसे परस्परांशी न पटणारे पक्ष एकत्र आणले, तसे हे सारे आपल्याविरुद्ध एकत्र येणार नाहीत काय? आज ते विखुरलेले आहेत म्हणूनच आपला माणूस काठापर्यंत पोहोचला होता.

यावर मंडळींपैकी काहींनी म्हटले की मोठे समाज आपल्या सोयीच्या रेघा ओढून घेतात, मग आपणच मागे का राहावे? ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. लहान समाजाचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, हा अनुभव आम्हांस स्वतःसही आहे. एका कचेरीत आपल्या वसतिगृहाच्या जागेचा अर्ज चार वर्षे पडून होता. तथापि अठरा घरांच्या गावी राहणाऱ्याने शंभर घरांच्या शेजाऱ्याशी रेघांचा डाव मांडणे शहाणपणाचे नाही. तो डाव त्यालाच अधिक चांगला खेळता येतो.

तेव्हा आमचे मत असे की दुपारचा ठराव या स्वरूपात मांडू नये. नकाशा मात्र फाडू नये. त्यात एक उणीव आहे ती भरून काढावी. आम्ही काल कंदील घेऊन जवळून पाहिले. त्यावर अजिंठा आणि फर्दापूर यांच्यामध्ये बोटभर अंतर आहे आणि घाट दाखविलेलाच नाही. रस्ते नाहीत, बाजाराची गावे नाहीत, एस.टी. कोठवर जाते ते नाही. गटाचा प्राथमिक आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा अमुक गावास तमुक गावाशी जोडल्याने लोकांस नदी किंवा डोंगर ओलांडून जावे लागते, अशी हरकत कोणासही घेता येते. अशी एखादी खरी अडचण घाटाखालच्या किंवा वरच्या गावांस असेल, तर ती सर्व शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मांडावी; आपले बंधू पहिली सही करतील असे ते आताच मान हलवून सांगत आहेत.

भोजनानंतर आम्ही मंडपातच आहो. ज्यांस या मतास विरोध करावयाचा असेल त्यांनी तेथे यावे. वडिलांची ती वही आम्ही बरोबर आणली आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी हात स्वच्छ करून पाहावी, पाने जीर्ण झाली आहेत.