कासऱ्याचं देणं



मध्य प्रदेशातलं पांढुर्णा म्हटलं, की अनेकांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून होणारी दगडफेक. बातम्याही तिच्याच होतात.

पण तिच्या आदल्या दिवशी, म्हणजे पोळ्याला, काय घडतं?

पांढुर्णा आणि सौंसर हा कपाशीचा, संत्र्यांचा मुलूख. इथं पोळा म्हणजे आभार मानायचा दिवस. तोंडानं नव्हे, हातानं.

सुरुवात होते खांदशेकणीनं.
जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात.
त्यावर हळद आणि तूप लावतात.
पळसाच्या पानानं तो खांदा हळूहळू शेकतात.
त्या दिवशी बैलाला काम नाही.

मग शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. तोरणाखाली पोळा भरतो, फुटतो. बैल घरी येतात. घरधनीण पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी भरवते.

आणि बैलाचा कासरा धरणारा?
त्यालाही मान असतो.
सालगड्याला नवे कपडे, पोटभर जेवण.
तो बैल घेऊन दारोदारी जातो. घराघरांतून त्याच्या हातावर पैसे ठेवतात. या पैशांना म्हणतात बोजारा.

वर्षभराच्या मजुरीचा हिशेब वेगळा. बोजारा त्यात धरत नाहीत, आणि धरूही नये.

म्हणजे आभार बैलाचे, तसेच बैलामागच्या माणसाचेही. तोंडानं नव्हे, हातानं.

आता ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले. अशा घरांत मातीचे बैल पाटावर मांडतात. पोरं मात्र तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत दारोदारी फिरतात, आणि बोजारा हक्कानं मागतात.